आंबा घाट आणि गावची शेवाळलेली घाटी: डिझेल ऑटोमॅटिक, हायब्रिड की ऑलव्हील?

खाडीकाठचा:

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसतं वाचत होतो, आज विचारायची पाळी आली. घरी जुनी स्विफ्ट डिझेल आहे, 1.3 वाली. गाडी अजून धडधाकट आहे पण बाबांचे गुडघे त्या खालच्या सीटवरून उठायला तयार नाहीत, म्हणून उंच गाडी घ्यायचं ठरलंय. माणसं पाच, मी, बायको, मुलगी आणि आईबाबा. बजेट ऑनरोड 22 लाख, ओढूनताणून 23, त्याच्या पुढे गेलो तर गाडीतच झोपायला लागेल.

वापर सांगतो म्हणजे नेमकं सांगता येईल. राहतो रत्नागिरीत, रोजचं फिरणं म्हणजे मारुती मंदिर, बाजार, मुलीची शाळा, सगळं तीन-चार किलोमीटरच्या आत. महिन्यातून एखाददोन वेळा कोल्हापूर, कारण बाबांचे डॉक्टर तिकडे, म्हणजे हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट. आणि गाव राजापूर तालुक्यात खाडीच्या अंगाला, तिथे डांबरी रस्ता सोडला की घराकडे उतरणारी सिमेंटची घाटी आहे, अरुंद, एका बाजूला जांभ्याचा गडगा, दुसऱ्या बाजूला वहाळ, आणि मध्ये एक असं वळण की तिथे गाडी थांबली की पुन्हा उचलणं कठीण. मे महिन्यात काही वाटत नाही. गणपतीत मात्र तिच्यावर हिरवंगार शेवाळ असतं आणि पाच माणसं नि सामान भरलेली स्विफ्ट वर येतच नाही, पुढची चाकं जागच्या जागी फिरतात आणि रबराचा वास सुटतो. मग आईबाबांना उतरवा, हात धरून वर न्या, रिकामी गाडी वर काढा. त्या निसरड्यावरून त्यांना चालवणं मला आता नकोसं झालंय, खरं कारण हेच.

डोक्यात आहेत त्या गाड्या म्हणजे क्रेटा नाहीतर सेल्टोस, 1.5 डिझेल ऑटोमॅटिक किंवा 1.5 टर्बो पेट्रोल डीसीटी (दोन क्लचवाली ऑटोमॅटिक), नाहीतर हायरायडर किंवा ग्रँड विटारा, तिच्यात स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन अधिक विजेची मोटर) घ्यायची की ऑलव्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद) हा घोळ. शोरूमवाल्यांना विचारलं तर प्रत्येकाकडे आपापली गाडी घाटासाठीच जन्माला आलेली असते. ज्यांनी या बाजूच्या रस्त्यांवर चालवल्यात त्यांनी सांगा.

चिखलबहाद्दर:

थार रॉक्स घ्या डिझेल फोर बाय फोर. विषय संपला.

खाडीकाठचा:

@चिखलबहाद्दर बघून आलो भाऊ. बाबांना मागे बसवताना मी आणि सेल्समन असे दोघे लागलो. नको.

गिअरबॉक्स_काका:

इंजिनपासून सुरुवात करू नका, गिअरबॉक्सपासून करा. तुमच्या घाटीवर आणि आंबा घाटात ट्रकच्या मागे काय होतं, गाडी जवळजवळ उभी, मागे ओझं, आणि तुम्हाला पायरी पायरीने सरकायचंय. डीसीटी म्हणजे आतून मॅन्युअलच, फक्त दोन क्लच आणि ते दाबायला कॉम्प्युटर, आणि क्रेटा-सेल्टोसच्या 7 स्पीड डीसीटीत हे क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. हायवेला गाडी जबरदस्त आहे, 160 पीएस ताकद, 253 एनएम टॉर्क म्हणजे ओढ, ओव्हरटेक करताना पोटात गोळा येत नाही. पण चढावर ॲक्सिलेटर अर्धवट दाबून गाडी धरून ठेवायची जी आपली सवय असते ना, ती तिथे चालत नाही, क्लच घासत राहतो, तापतो आणि मीटरवर सूचना झळकते. ब्रेक धरून थांबायचं, पुढे जागा झाली की एकदम उचलायची, असं चालवलं तर काही होत नाही. तुमच्या घरात अजून कोण चालवतं ते बघा, कारण ही शिस्त सगळ्यांना लागते.

डिझेलला 6 स्पीड टॉर्क कन्व्हर्टर आहे. त्यात ताकद तेलातून पुढे जाते, सरकताना घासायला क्लचच नाही, ब्रेक सोडला की गाडी आपणहून हळू पुढे येते. घाटात याच्यासारखं सुख नाही.

आता आकड्यांबद्दल. डिझेल 116 पीएस आणि हायब्रिडही एकत्रित 116 पीएस, शोरूममध्ये हे दोन आकडे शेजारी ठेवतात आणि सारखंच आहे साहेब म्हणतात. सारखं कुठलं. डिझेलचे 250 एनएम 1500 आरपीएमपासून 2750 पर्यंत सलग हाताशी असतात. हायब्रिडमधलं 3 सिलिंडर पेट्रोल इंजिन एकटं 92 पीएस आणि 122 एनएमचं, वरचा जोर मोटर लावते, मोटरला बॅटरी लागते आणि ती बॅटरी आहे 0.76 युनिटची. पाऊण युनिट म्हणजे तुमचा गिझर किती वेळ चालेल ते बघा. साखरप्याहून वर चढायला लागलात की अर्ध्या घाटात ती उतरते, मग इंजिनलाच गाडीही ओढायची आणि वीजही करायची. गाडी अडत नाही, वर जाते, फक्त आवाज करत जाते आणि पुढचा एसटीवाला जसा जाईल तसं त्याच्या मागे जायची तयारी ठेवायची.

साधं 1.5 पेट्रोल (144 एनएम) तुम्ही यादीत धरलं नाहीत ते बरं केलंत.

निवळीची_ताई:

काका बरोबर बोलतायत पण अर्धंच बोलतायत 😄 मी हायरायडर हायब्रिड चालवते, निवळीहून रत्नागिरी रोज. दादांचं रोजचं फिरणं तीन-चार किलोमीटरचं आहे, शाळा, बाजार, पार्किंगसाठी फेऱ्या, हे सगळं ही गाडी बरंचसं इंजिन चालू न करता करते. कंपनी लिटरला 27.97 किलोमीटर सांगते, तेवढं विसरा, पण गावात ज्या ठिकाणी कुठल्याही गाडीचं ॲव्हरेज पडतं तिथेच हिचं चढतं. पावसात काचा धूसर होतात म्हणून एसी सतत लागतो तेव्हा थोडं कमी, आणि आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे, त्यात मुळात ऊर्जा कमी असते, तोही फरक पडतोच.

आंबा घाटात आवाज करते हे मान्य. माझ्या सासूबाई पहिल्यांदा विचारत होत्या गाडीला काय होतंय गो. उतरताना मात्र बरी आहे, गिअर बी मध्ये टाकायचा, गाडी आपणहून आवरली जाते म्हणजे ब्रेकवर पाय कमी पडतो. बॅटरीला 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर वॉरंटी आहे त्यामुळे तिची भीती बाळगू नका. डिकी लहान आहे, बॅटरी तिथेच खाली बसवलेली असते, गणपतीला मखराचं सामान आणि पाच जणांच्या बॅगा म्हटलं तर कॅरिअर लावायची तयारी ठेवा.

एक गोष्ट ब्रोशरमध्ये मिळणार नाही ती सांगते. या हायब्रिडला रिव्हर्सचा वेगळा गिअर नसतो, मागे जाताना फक्त मोटर फिरते, इंजिनाचा जोर चाकांना मिळतच नाही. सपाट पार्किंगमध्ये कळत पण नाही. आमच्या घराकडे गाडी वळवायला जागा नाही त्यामुळे चढावर उलटी काढायला लागते, भरलेली असली की अगदी रडतखडत येते. तुमच्या घराशी वळवायला जागा आहे का ते आधी बघा.

डस्टरवाला:

माझ्याकडे जुनी डस्टर ऑलव्हील आहे, डिझेल मॅन्युअल, ती 2020 ला बीएस 6 हे प्रदूषणाचे नवे नियम आल्यावर बंद पडली आणि तिच्यासारखी परत कुणी केली नाही (हे रडगाणं इथे सगळ्यांना पाठ आहे, सोडा). त्यामुळे ऑलव्हीलबद्दल बोलतो.

तुमची स्विफ्ट का फिरते? चढावर सगळं वजन मागे जातं, त्यात मागे तीन माणसं आणि डिकीत सामान, म्हणजे पुढची चाकं हलकी होतात, आणि ओढणारी चाकं तीच. इंजिनमध्ये ताकद कमी म्हणून गाडी अडत नाही, पकड नसते म्हणून अडते. त्यामुळे 250 एनएमची डिझेल क्रेटा आणलीत तरी शेवाळावर तीही पुढचीच चाकं फिरवणार, उलट जास्त जोरात फिरवेल. तिच्यात स्नो, मड, सँड असे मोड असतात पण ते फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद त्याच्या जोडीदाराकडे पाठवतात, मागच्या चाकांना काही मिळत नाही. क्रेटाला ऑलव्हील आपल्याकडे कधी आलीच नाही.

हायरायडर-विटाराची ऑलव्हील ऑटोमध्ये ठेवली की मुख्यतः पुढच्या चाकांवर चालते, पुढे घसरायला लागली की क्लच जोडून मागे ताकद पाठवते. लॉक मोड आहे, घाटीच्या पायथ्याशीच तो लावून घ्यायचा, घसरल्यावर नव्हे. तुमच्या वळणासाठी एवढं पुरेसं आहे, लो गिअरवाली फोर बाय फोर लागणार नाही. 2025 पासून ती 6 स्पीड ऑटोमॅटिकमध्ये मिळते, हे चांगलं झालं. पण ऑलव्हील फक्त 1.5 च्या माइल्ड हायब्रिड (मोटरची नुसती थोडी मदत असलेल्या) इंजिनलाच आहे, 103 पीएस आणि 137 एनएम, त्याच्यावर मागच्या चाकांचा जास्तीचा लवाजमा. म्हणजे घाटी चढाल आणि आंबा घाटात कंटाळाल. डिझेलला ऑलव्हील पाहिजे तर एक्सयूव्ही 700 च्या वरच्या ऑटोमॅटिकपर्यंत जावं लागायचं, ते तुमच्या बजेटच्या बाहेर.

आणि उतरताना ऑलव्हीलचा काडीचा उपयोग नाही. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, शेवाळावर धरतात की नाही ते टायर ठरवतो. लोक ऑलव्हील आहे म्हणून जोरात उतरतात आणि गडग्याला भेटतात. किनाऱ्यावर वाळूत घालणाऱ्यांबद्दल तर बोलतच नाही, दर मे महिन्यात ट्रॅक्टरवाल्याची दिवाळी असते.

अजून एक, पुढच्या चाकांची गाडी चढत नसेल तर उलटी घालून बघा. रिव्हर्समध्ये चढताना ओढणारी चाकं खालच्या बाजूला येतात, वजन त्यांच्यावर पडतं, पकड मिळते. आमच्याकडे रिक्षा टेम्पोवाले सोडले तर बरेच जण पावसात असंच करतात. मात्र ताईंनी सांगितलं ते लक्षात घ्या, हायब्रिडमध्ये ही युक्ती नेमकी लंगडी पडते.

खाडीकाठचा:

@डस्टरवाला उलटी घालायचं कधी सुचलंच नाही, पण त्या वळणावर वहाळाच्या बाजूने मागे बघत चढवायची म्हणजे बायको आधीच उतरून चालायला लागेल. @निवळीची_ताई खळ्यात गाडी वळते, तो प्रश्न नाही.

म्हणजे मला आता असं दिसतंय की घाटासाठी डिझेल, घाटीसाठी ऑलव्हील आणि गावातल्या फिरण्यासाठी हायब्रिड. तीन गाड्या घेऊ का 😀 आणि डिझेलचा डीपीएफ, म्हणजे धुराचा फिल्टर, चोक होतो म्हणतात, माझं रोजचं फिरणं एवढंसं, त्याचं काय? शेजारी म्हणतो डिझेल दहा वर्षांत भंगारात जाणार.

कुडाळचो_झील:

माका इतक्याच सांगूचा आसा, आदी टायर बगा आणि मगे घाटी बगा, गाडी सगळ्यात शेवटी.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. वर्षातले किती दिवस ती घाटी निसरडी असते आणि किती मीटरचा तुकडा अडतो? त्या तुकड्यासाठी जास्तीचे पैसे घालून ऑलव्हील घेण्यापेक्षा तो तुकडाच दुरुस्त करा. आमच्या वाडीत असाच उतार होता. गणपतीच्या आठवडाभर आधी उघडीप बघून ब्लीचिंग पावडर टाकायची, तासाभराने खराट्याने खरवडून धुवायचं, शेवाळ सुटतं. पण ते तात्पुरतं, दोन सरी आल्या की पंधरा दिवसांत परत. मग आम्ही मार्चमध्ये वाडीतल्या सगळ्यांनी वर्गणी काढली आणि वळणाच्या जागी वरचा थर फोडून नवीन काँक्रीट टाकलं, ओलं असतानाच त्याच्यावर आडव्या खाचा मारून घेतल्या, बोटभर खोल, सरळ आडव्या नाही तर जरा तिरक्या म्हणजे पाणी वहाळाकडे निघून जातं. पाणी थांबत नाही तर शेवाळही तेवढं धरत नाही. आता तिथून अल्टो पण भरलेली येते. आणि मुख्य म्हणजे म्हातारी माणसं पण न घसरता चालतात, कारण तुमच्या बाबांना काय फक्त गाडीतूनच जायचंय थोडंच, देवळात जातीलच की चालत.

टायरचं सांगायचं तर कायद्याने 1.6 मिमी खाच उरली तरी चालते, पण आपल्या पावसात 3 च्या खाली गेला की बदला. स्विफ्टचे टायर किती जुने आहेत ते आता जाऊन बघा, मी पैज लावतो.

डिझेलभक्त:

डीपीएफचं सांगतो. धुरातली काजळी फिल्टरमध्ये साठते, ती जाळायला फिल्टर भरपूर तापावा लागतो आणि तो तापायला गाडी सलग चालावी लागते. शाळेच्या चार किलोमीटरच्या फेरीत इंजिनच नीट तापत नाही. त्यामुळे फक्त गावातल्या गावात फिरवणाऱ्याने डिझेल घेऊच नये, हे खरंच आहे. पण तुमचं कोल्हापूर आहे. मध्ये खंड पडला तर रविवारी हातखंब्याहून हायवेला लागायचं, साठ-सत्तरने वीस मिनिटं एका दमात चालवायची, वाटेत चहा घ्यायचा नि परत. दिवा लागलाच तर गाडी बंद करू नका, चालवत राहा. दिवा लागलेला असताना महिनाभर शाळेच्या फेऱ्या मारणारे लोकच पुढे वर्कशॉपमध्ये रडत असतात.

दहा वर्षांचं बंधन आलं ते दिल्ली आणि आसपासच्या एनसीआरमध्ये, आपल्याकडे नाही. महाराष्ट्रात खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, नंतर पासिंग करून, ग्रीन टॅक्स भरून पुढे चालवता येते. शेजाऱ्याला सांगा.

पैशाचं मात्र डोळे उघडे ठेवून बघा. 10 ते 20 लाखांच्या गाडीला आपल्याकडे पेट्रोलला 12 टक्के रोड टॅक्स, डिझेलला 14. म्हणजे 18 लाखांच्या गाडीवर 36 हजार तिथेच गेले, आणि पेट्रोल-डिझेलच्या भावात आता पूर्वीसारखं अंतर राहिलेलं नाही. डिझेल ऑटोमॅटिकला कंपनी 19.1 सांगते, टर्बो डीसीटीला 18.4, कागदावर फार फरक नाही, घाटात भरलेली गाडी घातली की फरक दिसतो. तुमचं चालणं कमी आहे, पैसे वाचतील म्हणून डिझेल घेऊ नका. ओढायला बरी म्हणून घ्यायची तर घ्या.

निवळीची_ताई:

@कुडाळचो_झील खाचांचं सासऱ्यांना दाखवलं, ते म्हणतायत मार्चमध्ये गवंडी मिळवून द्या आधी 😄

खाडीकाठचा:

स्विफ्टचे टायर बघून आलो. कुडाळकर पैज जिंकले, मधल्या खाचा जवळजवळ सपाट आहेत.

चुलतभावाला फोन केला, तो गावातच असतो, वळणाचा तुकडा फोडून करायला तयार आहे, म्हणतो ग्रामपंचायतीकडे अर्ज टाकू आणि नाही झालं तर आपण चार घरं मिळून करू. तो तुकडा झाला तर ऑलव्हील यादीतून जाते. डीसीटी पण काढतो कारण बायको गाडी चालवते आणि चढावर ॲक्सिलेटरवर धरून ठेवायची सवय तिची काय माझीही जाणार नाही. राहिली डिझेल ऑटोमॅटिक आणि हायब्रिड. वर्षातले जास्त दिवस हायब्रिडचे, पण बाबांना घेऊन घाटात असताना मला ओव्हरटेकला ताकद हवी असं वाटतंय, त्यामुळे मन डिझेलकडे झुकतंय. टेस्ट ड्राइव्ह कशी घेऊ? शोरूमवाला बायपासवर सरळ फिरवून आणतो आणि कसं वाटलं सर विचारतो.

गिअरबॉक्स_काका:

त्यांना आधीच सांगून ठेवा की आरे-वारेच्या रस्त्याने न्यायचीय, तिथे चढ, वळण, उतार सगळं मिळतं आणि शोरूमपासून फार लांबही नाही. एकटे जाऊ नका, पाचही जण बसा, एसी चालू. चढाच्या मध्यावर, मागे कुणी नाही बघून, पूर्ण थांबवा, ब्रेक सोडून गाडी मागे येते का बघा, मग हलक्या पायाने उचला. हायब्रिड बघताना आधी तिची बॅटरी उतरू द्या, दोन चढ जोरात चढवा आणि तिसऱ्या चढावर आवाज नि ओढ कशी आहे ते ऐका, पहिल्या चढावर सगळ्याच गोड वाटतात. त्याच चढावर थोडी रिव्हर्स पण घेऊन बघा. वहिनींना पण चालवायला द्या, निम्मा वेळ त्यांनीच.

आणि बाबांना मागच्या सीटवर दोन्ही गाड्यांत चढाउतार करायला लावा, दरवाजाचा उंबरा आणि सीटची उंची प्रत्येक गाडीत वेगळी असते. त्यांना पाय किती उचलायला लागतो ते बाहेर उभं राहून बघा, ते स्वतः सांगणार नाहीत, बरी आहे म्हणतील.

खाडीकाठचा:

शनिवारची वेळ घेतलीय, दोन्ही गाड्या एकाच दिवशी. सेल्समनला आरे-वारे म्हटल्यावर तो म्हणालान, डिझेल-पेट्रोलचे पैसे तुम्ही भरणार काय? म्हटलं भरतो. आल्यावर लिहितो.